पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे

पुण्याहून पंढरपूरला सायकलने जाणारे आता पुष्कळ झालेत. आषाढीच्या आधी तर झुंडीच्या झुंडी निघतात, एकसारखे टी-शर्ट, पुढे बॅनर, मागे टेम्पो. आम्ही जातो ते थंडीत आणि दोघंच, मी आणि शेजारचे काका. काका बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर सायकल घेतली आणि आता घाटात मलाच मागे टाकतात. थंडीत जायचं म्हणजे ऐन गाळपाच्या हंगामात जायचं, आणि उसाच्या ट्रॉल्या हा सायकलवाल्याचा काळ. तरी रस्त्याच्या कडेला काय काय सांडलेलं असतं ते बघायचं तर हेच दिवस.

डांबरी रस्ता मधोमध थोडा फुगीर आणि दोन्ही बाजूंना उतरता करतात, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यासारखंच बाकीचंही सगळं हळूहळू कडेला येतं. गाड्यांची चाकं आणि त्यांच्या वाऱ्याचे झोत दिवसभर ढकलाढकल करत असतात. मधे पडलेली वस्तू शेवटी पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे येऊन थांबते, आणि सायकल चालवायला आम्हाला मिळते तीच जागा. मोटारवाल्याला हे दिसत नाही. पायी जाणाऱ्याला दिसतं, पण दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटरपुरतंच. सायकलवाला शंभर-सव्वाशे किलोमीटरची पट्टी एका दिवसात नजरेखालून घालतो, तीही मान खाली घालून, कारण वर बघत बसला तर खड्ड्यात जाईल.

हडपसर, फुरसुंगी, वडकी इथवर काही बघण्यासारखं नाही. म्हणजे असतं, पण रहदारी बघू देत नाही. दिवे घाट सुरू झाला की वेग आठ-नऊवर येतो आणि डोळे मोकळे होतात. खाली मस्तानी तलाव दिसत असतो, त्याचे फोटो सगळेच काढतात. आमची नजर गटाराच्या कडेला. घाटात मिळतात ते दगड. बंद पडलेला किंवा दम खात थांबलेला ट्रक मागे सरकू नये म्हणून क्लीनर चाकाला दगड लावतो, आणि गाडी निघाली की दगड तिथेच. त्याच्या आसपास वाळलेल्या फांद्या, मागून येणाऱ्याला इशारा म्हणून टाकलेल्या. दगडांखेरीज लिंबू-मिरच्या, फुटलेल्या आरशांचे तुकडे आणि हातमोजे. हातमोजा नेहमी एकच. दुसरा मालकाच्या हातात असणार, आणि घरी पोचल्यावर तो त्याचं काय करत असेल हे मला कधी कळलेलं नाही.

सासवड ओलांडून जेजुरीच्या जवळ आलं की कडेचा रंगच बदलतो. भंडाऱ्याच्या फाटक्या पुड्या, खोबऱ्याचे तुकडे, आणि लग्नसराई असेल तर मुंडावळ्या. नवं जोडपं खंडोबाला येतं, नवरदेव बायकोला उचलून काही पायऱ्या चढतो, आणि परतताना मोटरसायकलवर वाऱ्याने कपाळावरची मुंडावळी सुटते. एकदा तर आख्खी जोडी सापडली, मण्यांची, गाठसुद्धा न सुटलेली, बाभळीच्या खालच्या फांदीला अडकलेली. काकांनी ती सोडवून रस्त्याकडून दिसेल अशी वरच्या फांदीवर अडकवली. माझ्या मते उपयोग शून्य. मुंडावळीसाठी कोण परत येतं? काका म्हणाले, "तू उचलून नेणार आहेस का? नाही ना? मग असू दे वर. खाली तुडवली जाईल."

काकांचे नियम ठरलेले आहेत. कपडा आणि देवाधर्माचं काही उचलायचं नाही, फक्त वर ठेवायचं. हत्यार असेल तर उचलायचं. कागदपत्रं असतील तर पुढच्या चौकीत द्यायची. पैसे मोजायचे, मग बोलायचं.

पैशांचा प्रश्न येतो तो नीरेच्या पुलावर. अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. नदी आली की गाडीतून नाणं टाकायची आपल्याकडे सवय आहे. माउलींच्या पालखीच्या वाटेवर तर ही नदी मोठ्या मानाची, पादुकांना इथे स्नान घालतात. पण चालत्या एसटीच्या खिडकीतून नेम धरून बघा. निम्मी नाणी कठड्यावर आपटून पुलावरच पडतात आणि कडेच्या मातीत रुतून बसतात. आम्ही थांबतो. काका गुडघ्यावर बसून नाणी वेचतात, रुपया वेगळा, दोनचा वेगळा, पाचचा वेगळा, एकेक अंगठ्याने पुसून. त्यांचा हात बघण्यासारखा असतो, नोकरीतला वेग अजून गेलेला नाही. मोजून झाली की कठड्यावरून नदीत. "ज्याने टाकली त्याचा हिशेब पुरा करायचा," म्हणतात.

मी एकदा त्यांना म्हटलं, ठेवली असती तरी चालली असती, कायदासुद्धा आपल्या बाजूने आहे. खरंच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत सापडलेल्या मालाच्या अपहाराचं कलम होतं, ४०३. त्याच्या स्पष्टीकरणात उदाहरणच दिलंय: अ ला राजरस्त्यावर एक रुपया सापडतो, तो कोणाचा हे त्याला माहीत नाही, तो उचलतो, इथे गुन्हा नाही. पण त्याच्याच खाली दुसरं उदाहरण आहे. अ ला रस्त्यावर पत्र सापडतं, आत नोट असते, पत्रावरून मालक कोण हे कळतं आणि तरी तो नोट खिशात घालतो. इथे गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत ३१४ व्या क्रमांकावर गेलं. १८७२ च्या करार कायद्यातही सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळायची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे उचललीत तर तुम्ही अडकलात. काकांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग पाकीट सापडलं तर तू उचल."

पाकिटं सापडतात. बहुतेक रिकामी असतात, आत आधार कार्ड, लायसन्स आणि एखादा देवाचा फोटो. पैसे काढून घेणाऱ्याने ती चालत्या गाडीतून भिरकावलेली असतात, त्यामुळे पांढऱ्या पट्टीपासून बरीच लांब, गवतात. खिशातून आपोआप पडलेलं पाकीट पट्टीच्या जवळ असतं. हा माझा ठोकताळा आहे, पुरावा नाही.

पुढे लोणंद, मग तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, जिथे माउलींच्या सोहळ्याचं पहिलं उभं रिंगण होतं. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ९६५, पालखी मार्ग म्हणून चौपदरी करायला घेतलेला. रुंद रस्ता मला सोयीचा आहे, नाही म्हणणार नाही. झाडं गेली त्याचं वाईट वाटतं तेही खरं. चांदोबाच्या लिंबाशी आम्ही केळी खायला बसतो, आणि दर वेळी मला समाजआरती आठवते.

वारीत हरवाहरवी होणारच. लाखो माणसं, अंधार, चिखल, सारखा मुक्काम हलवायचा. त्यावर सोहळ्यात तोड काढलेली आहे. संध्याकाळी पालखी तळावर आली की दिंड्या गोलात उभ्या राहतात, टाळ चालू असतात. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि "होऽऽ" अशी आरोळी देतो, त्यासरशी टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, म्हणजे कुठे जायचं ते चोपदारांना कळतं. तक्रार मिटली की हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. चष्मा, पिशवी, घड्याळ, काय असेल ते. मग उद्या कधी निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर आरती. इतका मोठा समाज आधी एकाचा चष्मा मिळाला का ते ऐकून घेतो आणि मग देवाला ओवाळतो. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली ती मला सगळ्यात जास्त इथे दिसते.

आमच्याकडे चोपदार नाही. आम्ही वस्तू किलोमीटरच्या दगडावर ठेवतो. ही युक्ती आमची नव्हे, ती आम्ही रस्त्यावरच पाहिली. फलटणच्या अलीकडे पिवळ्या डोक्याच्या एका दगडावर लहान मुलाचा एक बूट ठेवलेला होता, टाचेला शिट्टी असलेला, टोक रस्त्याकडे करून. मोटरसायकलवर मधे बसलेलं मूल झोपतं, पाय लोंबकळायला लागतात, बूट गळतो आणि आईच्या ते दहा किलोमीटरनंतर लक्षात येतं. कोणीतरी थांबून तो उचलला होता आणि पुसलाही होता, कारण दगडावर धूळ होती आणि बुटावर नव्हती.

फलटण सोडलं की उसाचं राज्य. इथे कडेला जे पडतं ते आधी चाकाला कळतं. विडणीच्या पुढे माझं मागचं चाक बसलं. पंक्चरवाले मामा टपरीत होते. त्यांनी ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडा बघितला, तिथे खूण केली आणि ट्यूब बाजूला ठेवून टायर मांडीवर घेतला. जुन्या बनियनचा एक तुकडा टायरच्या आतून हळूहळू फिरवत नेला. एका जागी कापड अडकलं. पकडीने त्यांनी तिथून काहीतरी ओढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं: केसापेक्षा थोडी जाड, अर्ध्या नखाएवढी तार.

"ट्रकच्या टायरातली हाय. टायर फुटला की रस्त्याभर सांडती. डोळ्याला दिसत न्हाई, बोटाला लागती. आधी ही काढायची, मग ट्यूबला ठिगळ. न्हाईतर पुढच्या गावात परत बसाल कुणापुढं तरी."

त्यांच्याकडे रंगाचा एक रिकामा डबा होता, चाकांतून काढलेला माल भरलेला. काकांना राहवेना, त्यांनी तो वर्तमानपत्रावर पालथा घातला. तारा सगळ्यात जास्त. सराटे सुकून भुरे झालेले. बाभळीचे काटे. आणि रुंद डोक्याचे बुटके खिळे, ते बैलांचे. बैलाच्या खुराचे दोन भाग असतात, म्हणून एका पायाला दोन पत्र्या (लोखंडी नाल), चार पायांना आठ. उसाची गाडी दिवस-दिवस डांबरावरून ओढायची म्हणजे पत्री नसेल तर खूर झिजून जातील. पत्री झिजते, खिळा सुटतो, डोकं खाली आणि टोक वर करून बसतो. मामा म्हणाले, "हंगाम संपला की खिळं कमी, तारा बारमाही."

बरडच्या पुढे कोयता सापडला. पट्टीच्या अगदी लगत, पातं रस्त्याकडे, म्हणजे पुढच्या दुचाकीच्या टायरचं कल्याणच होतं. उसाचा कोयता, पातं रुंद, धार ताजी, मुठीला पिवळी सुतळी गुंडाळून वरून काळी पट्टी. हत्यार उचलायचं हा नियम. काकांनी तो टॉवेलात गुंडाळून कॅरियरला बांधला.

दोन-तीन किलोमीटरवर ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसल्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या. माणसं फडात गेलेली, एक बाई चुलीपाशी, दोन शेळ्या, एक पाळणा. आम्ही कोयता दाखवल्यावर तिने तो हातात घेऊन आधी मूठ बघितली.

"आमचा नाही हा. पिवळी सुतळी मागच्या गाडीवाले बांधतेत. आमच्याच गावाकडले आहेत, बीडकडले. सकाळपासून शोधत असतील."

"त्यांना कसा मिळणार?"

"गाडी खाली करून याच रस्त्याने येतेत की सांजच्याला. देते मी." आणि तिने तो कोपीच्या कुडात खोचून टाकला. मग म्हणाली, "चहा घेता का दादा? दूध नाही, कोरा आहे."

मजूर आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्यावर, आणि पैसे फिटतात ते तोडलेल्या टनावर. कोयता नसलेला दिवस त्यात कुठेच बसत नाही. आम्ही कोरा चहा घेतला. गुळाचा होता आणि झकास होता. काकांनी पोराच्या हातावर चिक्कीचं पाकीट ठेवलं.

धर्मपुरीपासून सोलापूर जिल्हा लागतो. नातेपुते, माळशिरस, वेळापूर या टापूत ऊन चढलेलं असतं आणि माणूस फक्त पाणी शोधतो, त्यामुळे माझ्या आठवणीत इथलं फारसं काही नाही. एक एसटीच्या खिडकीची काळी रबरी पट्टी, लांबच लांब, मला आधी धामण वाटली. भंडीशेगावच्या आसपास एक पितळी शेंबी, बैलाच्या शिंगाच्या टोकावरची, लहानसं घुंगरू अजून शाबूत. ती आम्ही रसवंतीवाल्याकडे दिली. त्याने ती गल्ल्यावर टांगली आणि म्हणाला, बैलवाला रस प्यायला नाही तर हवा भरायला येईलच. वाखरीला पोचेपर्यंत सूर्य कलला होता.

एका वस्तूचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. लोणंद ते फलटण दरम्यान एक चौदा-पंधराचा पाना सापडला, जुना, जड, आताच्या पान्यांसारखा पोकळ वाजणारा नव्हे. आसपास गॅरेज नव्हतं, वस्ती नव्हती, दगडावर ठेवला तर भंगारात जाणार हे नक्की, म्हणून सोबत आणला. त्याच्या दांड्यावर छिन्नीने दोन अक्षरं कोरलेली आहेत. मालकाने अक्षरं सांगावीत आणि पाना घेऊन जावा. काका म्हणताहेत की सोबत त्याने तेरा-चौदाचाही आणला तर बरं, त्यांना एक नट काढायचा आहे.