बेल्जियन बिअर महोत्सव: पंधरा सेंटीलिटरचा हिशेब

बेल्जियममधल्या बिअर महोत्सवात चवीपुरता मिळणारा ग्लास छोटा असतो, 10 किंवा 15 सेंटीलिटरचा. फसगत होते ती इथेच. हिशेब सोपा आहे: मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले 0.79, भागिले 100, की अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. 9 टक्क्यांच्या त्रिपलचे (फिकट रंगाची, जोरकस बेल्जियन बिअर) 150 मिलिलिटर म्हणजे साडेदहा ग्रॅमच्या वर अल्कोहोल. 5 टक्क्यांच्या साध्या पिल्सनरच्या 25 सेंटीलिटरच्या ग्लासातही जवळपास तेवढंच असतं. शरीर तासाला सात-आठ ग्रॅम निकाली काढतं, कमीजास्त. त्यामुळे मी दुपारभरात आठ नमुन्यांच्या वर जात नाही, आणि त्यातले निम्मे 6 टक्क्यांच्या आसपासचे ठेवतो. दोघं असलो की एक ग्लास वाटून घेतो. यादी दुप्पट होते, डोकं जाग्यावर राहतं.

तयारी घरूनच. ल्यूव्हेनच्या ब्राबांटहालमध्ये अनेक वर्षं भरलेला झायथॉस महोत्सव असो, ब्रुजचा हिवाळी महोत्सव असो की अँटवर्पचा छोट्या ब्रुअऱ्यांचा मोडेस्ट, बिअरची यादी आधी हाती पडते. मी तिच्यातून डुवेल, शिमे, लेफ सरळ खोडतो. उत्तम असतील, पण त्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात. इथे टोकन (महोत्सवात पैशांऐवजी चालणारं नाणं) त्यांच्यावर का घालवायचं? आधी हेरायच्या त्या बाटलीत न येणाऱ्या, फक्त पिंपातून मिळणाऱ्या बिअर. त्या पहिल्याच दिवशी संपतात, म्हणून दार उघडतं त्या वेळी पोचावं. शनिवारी संध्याकाळी काउंटरपर्यंत हात पोचत नाही, मग माहिती कोण सांगणार? ‘ट्रॅपिस्ट’ (ट्रॅपिस्ट पंथाच्या मठात, भिक्षूंच्या देखरेखीखाली बनणारी बिअर) या शब्दावर भाळणाऱ्यांसाठी एक: आखेलच्या मठातले शेवटचे भिक्षू गेले आणि 2021 मध्ये त्या बिअरने हा शिक्का गमावला. आता बेल्जियममध्ये वेस्टमाल, वेस्टव्लेटेरेन, शिमे, ऑर्व्हाल आणि रोशफोर एवढेच उरले.

दारात ग्लासचं डिपॉझिट भरून टोकनं घ्यायची. जोरकस किंवा दुर्मीळ बिअरला बऱ्याचदा दोन टोकनं लागतात, आणि उरलेली सगळीकडे परत घेत नाहीत. थोडी थोडी घ्यावीत. ग्लासवर मापाची रेघ असते. बिअर रेघेपर्यंत, फेस तिच्यावर. दोन बोटं फेस बघून ‘कमी भरली’ म्हणून हुज्जत घालू नये. दर नमुन्यानंतर ग्लास थंड पाण्याने विसळावा आणि ओलाच पुढे करावा. टिश्यूने पुसला की कागदाचे धागे चिकटतात आणि त्यांच्यावर बुडबुड्यांच्या रांगा लागतात. तळलेल्या बटाट्यांचं तेल किंवा लिपस्टिक काठाला लागली तर फेस क्षणात बसतो. दोष मात्र बिअरला दिला जातो.

क्रम हलक्याकडून जडाकडे, एवढंच सांगून भागत नाही. सुरुवात विटबिअरने: धने आणि संत्र्याच्या सालीची ही गव्हाची बिअर पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमुळे आपल्या ओळखीची आहे. मग सेझॉन, म्हणजे शेतघरांतून आलेली कोरडी बिअर; 6.5 टक्क्यांची ड्युपॉन हा तिचा मापदंड. मग डबल, त्रिपल आणि शेवटी 10-11 टक्क्यांच्या काळ्या. डबलचा रंग भाजलेल्या माल्टचा वाटतो, पण तो मुख्यतः साखरेच्या काळ्या पाकाचा असतो. त्रिपलमध्येही साखर असते, फिकट. ती सगळी आंबून जाते, अंग हलकं राहतं, म्हणून 9.5 टक्क्यांची वेस्टमाल त्रिपल सरबतासारखी उतरते आणि अर्ध्या तासाने जाब विचारते. कडू हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिअर मध्ये घुसवली तर पुढच्या दोन फिक्या लागतात.

आंबट बिअर कुठे ठेवायची यावर वाद आहे. मी ती गोड काळ्या बिअरच्या आधी, जरा थांबून घेतो. तिची खरी मजा महोत्सवातच, कारण साधी लाम्बिक, म्हणजे हवेतल्या यीस्टने आंबलेली आंबट बिअर, बाहेर क्वचित मिळते. तिच्यासाठी ब्रुसेल्स आणि आसपासच्या सेन नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात गहू-जवाचा उकळलेला रस उथळ, रुंद तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतलं यीस्ट आणि जिवाणू त्यात पडतात, वरून वेगळं यीस्ट घालतच नाहीत. मग लाकडी पिंपांत वर्ष ते तीन वर्षं. पिंपातून थेट आलेली लाम्बिक सपाट असते, फेस नाही, बुडबुडे नाहीत. नवखे ती ‘मेलेली’ समजून परत करतात. एक, दोन आणि तीन वर्षांची मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की ग्यूझ होते, आणि तेव्हा बुडबुडे येतात. शक्य असेल तर एकाच ब्रुअरीची लाम्बिक आणि ग्यूझ लागोपाठ घ्यावी.

घोट घेण्याआधी वास. लवंग आणि केळं आलं तर ते यीस्टचं काम. ऑर्व्हालमधला घोड्याच्या तबेल्याचा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा, मुद्दाम आणलेला. ओला पुठ्ठा आला तर बिअर ऑक्सिजनने शिळी झालेली. लोण्याचा वास बऱ्याचदा न धुतलेल्या नळीचा. अशी बिअर हसून परत करावी, बहुतेक जण बदलून देतात. काळी बिअर थंडगार हाती आली तर पिऊ नये. ग्लासचं पोट दोन्ही तळव्यांत धरून पाच-सात मिनिटं थांबावं; 5 अंशांना निव्वळ गोड लागणाऱ्या ‘रोशफोर 10’ या काळ्या बिअरमध्ये 12 अंशांना अंजीर आणि मनुका उघडतात. मोठ्या बाटलीच्या तळची शेवटची ओत गढूळ आणि यीस्टची असते. ती आपल्या वाट्याला येणार असं दिसलं तर पुढची बाटली उघडेपर्यंत थांबलेलं बरं.

पोट भरून जावं. चखण्याला चीजचे तुकडे, सोबत सेलरी मीठ आणि मोहरीची पेस्ट, ही तिथल्या पबची रीत. तिखट-मसालेदार मध्ये नको, पाव आणि पाणी भरपूर. गाडी घरी ठेवावी: रक्तातली मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आणि बेल्जियममध्ये रेल्वे सोयीची आहे.

भारतात आणायच्या असतील तर ड्युटी-फ्री सवलत 2 लिटरची, म्हणजे 33 सेंटीलिटरच्या सहा बाटल्या, 1.98 लिटर. चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली वेगळ्या कपड्यात आणि वर प्लास्टिकची पिशवी. घरी उभ्या, अंधारात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. हॉप्सची बिअर दोन-तीन महिन्यांत संपवावी. ग्यूझला घाई नाही.