ना ताड, ना डांबर

परवा दुपारी हार्डवेअरच्या दुकानात ताडपत्री मागितली. दुकानदार ‘ताडपत्री ना, देतो की’ म्हणाला आणि बिलावर लिहिलं ‘तारपोलीन’. हातात दिलं ते निळं प्लास्टिक. त्यात ना ताड, ना डांबर. मला उगाचच फसवल्यासारखं वाटतं अशा वेळी.

टार म्हणजे डांबर, पॉल म्हणजे पांघरायचं जाड कापड. शवपेटीवर घालतात त्यालाही पॉलच म्हणतात. शिडाच्या जाड कापडाला डांबर फासायचं की झालं टारपॉलिन. हे डांबर रस्त्यावरचं नव्हे, पाइनच्या लाकडातून काढलेलं. जहाजावर दोरखंडाला, फळ्यांच्या फटींना, सगळीकडे तेच. खलाशांच्या टोप्या नि अंगरखेही डांबरलेले. म्हणून सतराव्या शतकात इंग्रज लोक खलाशालाच टारपॉलिन म्हणू लागले, मग नुसतं टार. इंग्रज खलाशाचं टोपणनाव जॅक टार, तो हाच.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, त्याच्या आरमारात तर या नावावरून दोन तट होते. एकीकडे वशिल्याने कप्तान झालेले दरबारी, दुसरीकडे खलाशातून वर चढलेले टारपॉलिन. दरबाऱ्यांनी त्यांना नाव ठेवलं, दोन्ही अर्थांनी. शेवटी आरमाराचा कारभार पाहणाऱ्या, रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युअल पेप्सने १६७७ मध्ये लेफ्टनंट होण्यासाठी परीक्षाच लावली. आधी समुद्रावर राबा, मग हुद्दा. मला हा माणूस त्याच्या रोजनिशीपेक्षा या परीक्षेसाठी आवडतो. राजा मात्र उदार. हुंड्यात आलेली मुंबई त्याने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आज तेवढ्यात धड ताडपत्रीही यायची नाही.

आमच्या कोकणातल्या घरी होती ती खरी. जाड, काळपट, उन्हात तापली की हाताला चिकटणारी, ठिगळं लावलेली. आजोबांनी कुणा ट्रकवाल्याकडून घेतलेली. मे संपता संपता ती माळ्यावरून खाली यायची आणि तिचा उग्र वास घरभर सुटायचा. आम्ही पोरं तिच्याखाली शिरायचो, गुदमरायचो, ओरडा खायचो. छप्पर पश्चिमेकडून गळायचं. ती तिथे घालावी असं दरवर्षी कुणीतरी सुचवायचंच. आजी ऐकायची नाही. ताडपत्री जायची परसातल्या लाकडांच्या ढिगावर, कडेने दगड ठेवून.

“घर गळलं तर टोप लावता येतो. लाकडं भिजली तर खाल काय?”

पावसाळाभर आम्ही टोप रिकामे करत असू.