तुम्ही विचारलंत म्हणून: या जुन्या कादंबऱ्या कशाला वाचायच्या?

"वसाहतवाद समजून घ्यायचा तर इतिहासाची पुस्तकं आहेत की, मग गोऱ्या लेखकांच्या जुन्या कादंबऱ्या कशाला वाचत बसता?" हा प्रश्न मला सारखा विचारतात. तर सांगतो. इतिहासात किती माणसं मेली ते कळतं, पण ही हाव रोज ऑफिसला जाऊन, वह्या भरून, अगदी सभ्यपणे कशी चालवली जात होती ते मला कादंबऱ्यांमध्ये दिसलं.

इंग्रजीत लिहिणाऱ्या जोसेफ कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' घ्या. १८९९ साली मासिकातून आली. त्याआधी १८९० मध्ये तो स्वतः काँगोत बोटीवर काम करून आलेला, आणि तेव्हा तो अख्खा मुलुख बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाची खासगी मालमत्ता होता. लोकांना त्यातल्या कुर्ट्झच्या, म्हणजे व्यापारी कंपनीसाठी हस्तिदंत गोळा करणाऱ्या एजंटाच्या, घराभोवती खांबांवर खोचलेली मुंडकी आठवतात. मला मात्र कंपनीचा अकाउंटंट जास्त भयानक वाटतो. कडक कॉलर, पांढरेशुभ्र कफ, वह्या एकदम टापटीप, आणि तिथून जवळच झाडांखाली राबवून राबवून निकामी झालेले मजूर मरत पडलेत. त्याच्या खोलीत एक आजारी माणूस आणून ठेवलाय, तोही त्यांचाच एजंट, तो कण्हतो तर याची तक्रार काय, तर त्या आवाजाने लक्ष लागत नाही आणि आकड्यांत चुका होतील!

आणि तो पगार. बोटीवर राबणाऱ्या आफ्रिकन माणसांना आठवड्याला पितळी तारेचे तीन तुकडे मिळतात, प्रत्येक साधारण नऊ इंचांचा. त्या बदल्यात नदीकाठच्या गावांतून खायला विकत घ्यायचं असा हिशेब. पण कुठे गावच नाही, कुठे लोक बोटीवर चिडलेले, आणि मॅनेजरला स्वतःला डबाबंद जेवण असल्यामुळे बोट थांबवायची गरज वाटत नाही, म्हणजे पगार अगदी वेळेवर होतोय आणि माणसं उपाशी आहेत. कंपनीच्या वहीत मात्र यात काहीच चुकीचं नाही. त्या एका तारेने मला जेवढं समजलं तेवढं पानं भरून वर्णन करूनही समजलं नसतं.

कादंबरीत हस्तिदंत आहे, रबर नाही. पण खऱ्या काँगोत रबराच्या वसुलीत हेच चाललं होतं, सैनिकांनी काडतुसं वाया घालवली नाहीत याचा पुरावा म्हणून मारलेल्या माणसाचा कापलेला हात दाखवायचा, आणि काडतूस शिकारीत वापरलं गेलं असेल तर जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब जुळवायचा. लहान मुलांचेसुद्धा.

डच भाषेतली 'माक्स हाफेलार' आणखी जुनी, १८६० ची. लेखक जावा बेटावर डच सरकारी अधिकारी होता, राजीनामा देऊन त्याने टोपणनावाने लिहिली. तिची सुरुवात होते अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका प्रतिष्ठित कॉफी दलालापासून, आणि आत गोष्ट आहे सैजा नावाच्या पोराची. बापाची म्हैस इलाख्याचा सरदार घेऊन जातो, बाप वडिलोपार्जित क्रिस, म्हणजे खंजीर, विकून दुसरी आणतो, तीही जाते, मग सासरच्यांकडून आलेले पडद्याचे चांदीचे हुक विकतो. लुटणारा तिथलाच सरदार आहे, पण डच अधिकारी गप्प बसतात कारण वरच्या रिपोर्टमध्ये सगळं शांत दिसायला हवं. हे 'गप्प बसणं' इतक्या बारकाईने मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

आता गोऱ्या लेखकांचा मुद्दा. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेंनी १९७५ मध्ये अमेरिकेत एका भाषणात कॉनरॅडला सरळ वंशवादी म्हटलं, आणि मला ते पटतं. आफ्रिकन माणसं त्याच्या पुस्तकात मरतात, राबतात, पण जवळपास बोलतच नाहीत. अचेबेंच्या स्वतःच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मध्ये (१९५८) अख्खं गाव बोलतं, भांडतं, चुकतं. आणि शेवटी इंग्रज कमिशनर नायकाच्या मृत्यूकडे बघून मनात ठरवतो की आपल्या पुस्तकात यावर एक चॅप्टर होईल, नाही, चॅप्टर नको, एखादा परिच्छेद पुरे. एका अख्ख्या आयुष्याचा असा हिशेब!

म्हणून 'सुरुवात कुठून करू' असं कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी अचेबे वाचा, मग कॉनरॅड. त्या क्रमाने वाचलं की कॉनरॅडच्या पानापानावर कोणाला बोलू दिलेलं नाही ते आपोआप दिसायला लागतं.