बेबी डॉड्सच्या प्रेस रोलमागे: सरावाची नोंद

ड्रमसेटचा हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) कोपऱ्यात, राइड सिंबलला (ठेका धरायची मोठी झांज) हात लावायचा नाही. सध्या एवढ्याच नियमावर सराव चालू आहे. जुन्या जॅझचा ड्रमर वॉरेन ‘बेबी’ डॉड्स, त्याचा ठेका स्नेअरवर (खाली तारा ताणलेला, खरखरीत आवाजाचा ड्रम) चालतो. दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्टिक दाबायची, ती थरथरत पुढच्या मात्रेपर्यंत पोचली पाहिजे, हाच प्रेस रोल. उजवा हात सरळ आहे, डाव्याचा रोल मध्येच तुटायचा. स्टिक जरा मागे, तोल सापडतो तिथे धरली आणि मनगटाऐवजी बोटांनी दाब दिला, तेव्हा कुठे आवाज सलग यायला लागला. संथ लयीत जमतंय, लय वाढवली की अजून फाटतंय.

गडी न्यू ऑर्लिन्सचा, जन्म १८९८. पोरवयात चरबीच्या डब्याला भोकं पाडून ड्रम केला आणि आईच्या खुर्च्यांचे दांडे काढून स्टिक! पुढे मिसिसिपीच्या बोटींवर फेट मॅरेबलच्या बँडमध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलं. मालक म्हणतील त्या लयीत वाजवणार नाही म्हणून १९२१ मध्ये दोघांनीही बोट सोडली. मग कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरचा बँड, शिकागो, थोरला भाऊ जॉनी क्लॅरिनेटवर.

नव्याने शिकणाऱ्यांना एकच सांगेन: १९२३ च्या ऑलिव्हर रेकॉर्डवरून डॉड्स शिकू नका. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यातून आवाज थेट सुईपर्यंत जायचा आणि बास ड्रमच्या दणक्याने ती उडायची. त्यामुळे ऐकू येतात ते मुख्यतः वुडब्लॉक, म्हणजे वाजवायचे लाकडी ठोकळे. ती स्टुडिओतली तडजोड, त्याची शैली नव्हे. खरा माणूस भेटतो तो १९४६ च्या ध्वनिमुद्रणांत. फोकवेज या रेकॉर्ड कंपनीच्या तबकडीवर तो स्वतः बोलत बोलत वाजवून दाखवतो. तिथे कळतं की कोणाच्या मागे वाजवतोय त्यावर त्याचं वाजवणं बदलतं: कधी रोल, कधी रिम (ड्रमची कड), कधी काऊबेल (धातूची घंटा), आणि शेवटच्या कोरसला, म्हणजे गाण्याच्या शेवटच्या आवर्तनाला, सगळा जोर. एकाच सिंबलवर गाणं काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नीट ऐकावं. पुढे नावाजलेला ड्रमर जीन क्रूपा, त्याने तर शिकागोत डॉड्सला समोर बसून ऐकलं होतं.

वाजवताना डॉड्स अंग घुसळायचा, त्याला शिमी म्हणत. माझ्या स्टुलावर ते शक्य नाही, करकरतं फार.

पुढचं काम ‘नर्व्ह बीट’: एकाच हातात दोन स्टिक धरून एकमेकींवर खडखडवायच्या. बोटांच्या बेचक्यात त्या अजून टिकत नाहीत. कोणाला जमत असेल तर पकडीचा फोटो टाका.