पाहुणे सुट्टीवर, मी ऑफिसात

म्युनिकमधलं माझं घर एका खोलीचं आहे, हे सांगूनही पुण्याची मंडळी ऐकत नाहीत. ‘अगं, आम्ही खाली गाद्या टाकून झोपू!’ आणि झोपतातही. झोपण्याचा प्रश्न नसतोच. प्रश्न असा, की ते सुट्टीवर असतात आणि मी नसते.

निघण्याआधी मी त्यांना फर्मान पाठवते. भाकरवडी, गोडा मसाला, मेतकूट हवं तेवढं आणा. तूप, पेढे, खवा अजिबात नको. युरोपीय संघाबाहेरून येताना सामानात दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ चालत नाहीत. भाजी-दूध शनिवारीच भरायचं, रविवारी दुकानं बंद. नळाचं पाणी सरळ प्यायचं. (तरी कोणीतरी ते उकळून ठेवतंच.)

पूर्वी मी पाहुण्यांसाठी रजा टाकायचे. नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा तर आता मी डोळे मिटून दाखवेन. बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये तो बांधायला घेतला, १८८६ मध्ये राजा गेला आणि काही आठवड्यांतच वाडा तिकीट लावून लोकांना खुला झाला. आता मी आत जात नाही, खाली कॉफी पीत बसते.

रजा टाकणं थांबलं ते एका मित्रामुळे. आम्ही चौघं टेगर्नझेच्या तळ्याला निघालो होतो. बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या लोकल गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) एकच, माझ्या फोनवर. पाच जणांपर्यंत चालतं, फक्त सगळ्यांनी सोबत असायला हवं. गाडी भरलेली, म्हणून हा पठ्ठ्या जागा शोधत पुढच्या डब्यात गेला. ही गाडी वाटेत होल्झकिर्शेनला तुटते, पुढे शाफ्टलाखला पुन्हा तुटते, आणि तुकडे वेगवेगळ्या गावांना जातात. मी ते सांगितलं होतं. त्याने ते ‘हो गं’ म्हणून सोडून दिलं होतं. आम्ही तळ्याकाठी उतरलो, तर हा लेंगग्रीसच्या वाटेवर, विनातिकीट! पकडला असता तर ६० युरो दंड. मी फोनवर फोन करतेय, हा उचलत नाही. तासाभराने फोटो आला: रोपवेने ब्राउनएकच्या डोंगरावर गेलेला, हातात बिअर, मागे आल्प्स. खाली लिहिलं होतं, ‘इथे तू कधी आणलंच नाहीस?’

कशी आणणार? मीच गेले नव्हते तिथे.

संध्याकाळी तो मशिनवर स्वतः तिकीट काढून, मशिनशी भांडून, घरी पोचला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आणि तिघं आपापले साल्झबुर्गला. जाताना नऊनंतरची लोकल गाडी धरली, कारण कामाच्या दिवशी बायर्न तिकीट नऊच्या आधी चालत नाही, आणि हे त्यांनी मला न विचारता शोधलं होतं. माझ्याबरोबर फिरताना हीच माणसं ‘आता कुठल्या प्लॅटफॉर्मवर?’ एवढंच विचारायची.

तेव्हापासून पहिल्या संध्याकाळी फिरायला नेत नाही. स्टेशनवर नेते आणि तिकिटाचं मशीन त्यांच्या हाती देते. वाटेत सुपरमार्केटात रिकाम्या बाटल्या परत करायलाही शिकवते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात म्हटल्यावर सीए मैत्रिणीने उद्यानातल्या बाटल्यांवरही नजर ठेवली होती. त्या मात्र चेपायच्या नाहीत, मशीन घेत नाही.

डिसेंबरात बहीण येतेय. ‘सुट्टी घेतलीस ना?’ असं तिने विचारलंय. गाड्यांचं वेळापत्रक पाठवलंय तिला.