हूड आणि पट्टा धरून सव्वातीन किलो

"तुम्हाला ती लेन्स जड नाही का होत?"

मी गोव्यात पक्ष्यांचे फोटो काढते, त्यासाठीची लांबलचक लेन्स. रायबंदरच्या फेरीबोटीवर विचारतात, करमळीच्या तळ्याच्या बांधावर विचारतात, गेल्या चवथीला आरती आटोपताच जावेच्या भावानं विचारलं. बायका काळजीनं विचारतात. पुरुष विचारतात तेव्हा बहुतेकदा "झेपते का?" असं विचारतात. माझ्याच वयाच्या, माझ्याहून बारीक अंगाच्या गृहस्थाच्या गळ्यात तसलीच लेन्स असते, त्याला कोणी विचारत नाही. असो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

होते. जड होते. निकॉनची २००-५०० मिलिमीटर झूमची ही लेन्स कॉलरसकट, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्यासकट, २.३ किलो, डी५०० कॅमेरा बॅटरी घालून ८६० ग्रॅम. घरच्या वजनकाट्यावर हूड आणि पट्ट्यासकट ठेवली तर काटा सव्वातीनला टेकतो. म्हणजे पाच-सहा नारळ सोलून पिशवीत घातल्यासारखं. तेवढे नारळ आपण बाजारातून आणतोच की! पण नारळांची पिशवी कोणी डोळ्यासमोर धरून वीस मिनिटं उभं राहत नाही. मी राहत होते.

तांबडी सुर्ल्याला, महादेवाच्या देवळामागे ओढ्यापलीकडच्या एका झाडावर फळं पिकली होती आणि मलबारी राखी धनेशांचा आवाज आतून येत होता. कर्कश हसल्यासारखा असतो तो. आत्ता येईल, मग येईल म्हणून मी लेन्स डोळ्याला लावून उभी. आधी मनगट, मग दंड, मग मानेखालची ती एक शीर. शेवटी जोडी बाहेर येऊन समोरच्या उघड्या फांदीवर बसली, आणि माझे हात असे थरथरत होते की चाळीस फोटोंत एकही चोच धड नाही. लेन्समध्ये थरथर आवरायची सोय असते, पण ती बारीक कंपासाठी. थकलेला माणूस तिला आवरत नाही.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी चोडणच्या फेरीवर मी तशीच कॅमेरा छातीशी उचलून, बोटं घट्ट आवळून उभी होते. पलीकडे एक म्हातारी मासळीवाली, पाटी खाली ठेवून तिच्यावरच हात टेकून बसलेली. ती म्हणाली, "हातांनी कित्याक धरून रावल्या गो? सकयल दवर मगे." हातात कशाला धरून राहिलीस, खाली ठेव की! मग तिनं कॅमेरा मागितला, एका हातानं वरखाली करून बघितला आणि "इतलेंच?" म्हणून परत दिला. उतरायचा धक्का आला तेव्हा चुंबळ नीट केली, शेजारणीनं हात लावला, पाटी डोक्यावर चढली आणि ती माझ्यापुढे तरातरा चालू लागली. तिच्या पाटीत माझ्या लेन्सच्या कितीतरी पट वजन होतं. पण ते मानेच्या मणक्यांवरून थेट पायात उतरत होतं. माझं सगळं दोन दंडांवर.

तेव्हापासून मी किलो मोजायचं सोडलं. हातात किती मिनिटं आणि अंगापासून किती लांब, हे मोजते.

लांबीचं आधी सांगते. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर बाई बोलत बोलत घरी पोचते. तीच हात लांब करून धरा, दहा पावलंही होणार नाहीत. लेन्सचंही तेच. डाव्या हाताचा तळवा खालून, कोपर बरगडीला टेकलेलं, उजव्या हाताला बटण दाबण्यापलीकडे काम नाही. तळवा नेमका कुठे यायचा तर जिथे तोल साधतो तिथे, आणि ती जागा माझ्या लेन्समध्ये हलते: ५००ला झूम केलं की नळी पुढे सरकते आणि वजन बाहेर जातं. म्हणून ५००ला तोल कुठे येतो ते बघून तिथे मी इलेक्ट्रिशियनची लाल टेप चिकटवली आहे. न बघता हात तिथे जातो. चालताना ती गळ्यात नसते. पट्टा कॅमेऱ्याच्या कड्यांना नाही, लेन्सच्या कॉलरला अडकवलाय आणि तिरका खांद्यावरून घेतलाय, म्हणजे वजन कमरेशी लोंबतं आणि कॅमेरा-लेन्सच्या जोडावर ताण येत नाही. लहान मूल कडेवर घ्यावं तसं एका हातानं जवळ धरायचं, बस्स.

मिनिटांचं कठीण आहे, कारण तिथे हावरेपणा आडवा येतो. पक्षी येईपर्यंत लेन्स खाली. नुसत्या डोळ्यांनी बघायचं. खंड्या तारेवर बसला की दहा मिनिटं तिथेच बसतो, त्याला सूर मारायच्या आधी मान खाली घालायची सवय आहे. ती मान हलली की उचलायची. पाच-सात सेकंद, की खाली. हात दमलेत असं वाटलं तर शटर १/२००० सेकंदावर नेते आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढू देते. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, वापरते. निम्म्याहून जास्त वजन तो घेतो. फक्त आमच्या खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीत, त्याचा पाय चिखलात हातभर आत जातो आणि लेन्स हळूहळू बुडणाऱ्या होडीसारखी खाली. यावर उपाय स्वयंपाकघरात मिळाला: नारळाची करटी, म्हणजे करवंटी. उताणी ठेवायची, पाय आत. दुकानात यासाठी पसरट पाय मिळतात म्हणे; करटी हरवली तर दुसरी घरात असतेच.

गाडीच्या खिडकीवर टेकवायला सुती पिशवी शिवून घेतली आणि अळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी, भरले. अळसांदे छान बसतात, लेन्सच्या आकाराला खळगा होतो. जूनच्या पहिल्या पावसात पिशवी मागच्या सीटवर भिजली आणि मी विसरले. चौथ्या दिवशी गाडीत वास कसला म्हणून बघते तर शिवणीतून मोड बाहेर आलेले. सासूबाई म्हणाल्या, तोणाक (उसळीसारखी आमटी) करायचं ना गं वेळेवर. आता आत प्लास्टिकच्या पिशवीत भरून मग सुती पिशवीत घालते.

होडीत मात्र हे काहीच चालत नाही. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी बघायला गेलात तर मोनोपॉड होडीच्या तळाला टेकवू नका, इंजिनची थरथर सरळ लेन्समध्ये चढते. फळीवर बसायचं, कोपरं मांड्यांवर. आपलं मांस तेवढं गादीसारखं कामाला येतं, आणि माझ्याकडे ते आहे.

एवढं करूनही मध्ये उजवं कोपर बाहेरच्या बाजूनं दुखू लागलं होतं. टेनिस एल्बो म्हणाले. जन्मात रॅकेट धरली नाही! कॅमेऱ्याची मूठ नको तितकी आवळण्यानं झालं होतं ते. फिजिओथेरपिस्टनं हात टेबलावर पालथा ठेवून, मनगट कडेबाहेर काढून, अर्धा किलो वजन सावकाश खाली सोडायला लावलं. वर उचलताना दुसऱ्या हाताची मदत, खाली येताना एकट्यानं. अर्ध्या किलोची साखरेची पुडी घेऊन तीन महिने केलं. तुमचं कोपर दुखत असेल तर माझ्यावर जाऊ नका, दाखवून घ्या.

पुढचा प्रश्न ठरलेला: मग हलकी का नाही घेत?

वजन काचेत आहे. लेन्स किती उजेड आत घेते त्याचं माप म्हणजे एफ, आकडा लहान तितका उजेड जास्त. ५०० मिलिमीटरला एफ ५.६ हवं तर ५०० भागिले ५.६, म्हणजे सुमारे ८९ मिलिमीटरचं तोंड हवंच. ६०० एफ ४ ला १५०. एवढी काच हवेत तरंगणार कशी? तरी कंपन्यांनी कमाल केली आहे. कॅननची जुनी ६०० एफ ४ आयएस ५.३६ किलोची होती, २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ३.०५ वर आली. पुढच्या जड काचा मागे सरकवल्यामुळे टोकाचा भारही गेला. त्याच वर्षी निकॉननं ५०० एफ ५.६ पीएफ आणली, १४६० ग्रॅम. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसानं १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी जाड भिंगाऐवजी कड्याकड्यांचं भिंग केलं होतं, त्याच कुळातली एक काच तिच्यात आहे.

ती निकॉनची ५०० मी करमळीला एका ओळखीच्यांकडून तासभर हातात घेतली. अडई बदकांचा थवा उठला, मी उचलली, आणि इतकी झटकन वर आली की थवा चौकटीच्या खालीच राहिला. माझ्या हातांना सव्वातीन किलोची सवय. अर्ध्या तासानं जमलं, आणि खरं सांगायचं तर परत देताना जिवावर आलं. पण तिला झूम नाही. कमळपक्षी पिल्लं घेऊन बांधापाशी आला तेव्हा मी माझी २००वर आणून सगळं कुटुंब घेतलं, त्यांना एकेकाचं डोकं मिळालं. शिवाय तिची किंमत ऐकून आमच्या घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

माझी घेणारं कोणी असेल तर सांगा. पण फेब्रुवारीनंतर. थंडीतले पाहुणे परतेपर्यंत ती मला लागते.