टीबीच्या आहाराचे पैसे आणि "लिंक आहे की" म्हणणारी बँक

थुंकीची तपासणी, एक्स-रे, निक्षय पोर्टलवर (टीबीच्या पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन यादीत) नोंद, गोळ्या, आशाताईंची घरी चक्कर... आईच्या टीबीत यातलं काहीच अडलं नाही आणि एक रुपयाही लागला नाही. अडलं ते तिच्या खाण्याच्या पैशांवर, तेही बँकेत. आजही त्या शाखेवरून जाताना डोकं तापतं.

टीबीच्या पेशंटला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी पैसे मिळतात. 2018 पासून महिन्याला 500 होते, 1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. सहा महिन्यांचे 6000 दोन हप्त्यांत येतात. पहिले 3000 उपचार सुरू होतानाच, उरलेले 84 दिवस झाल्यावर.

आमचं घर बीडकडचं, ऊसतोडीचं. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आईचं वजन होतं 36 किलो. रेशनवर गहू-तांदूळ येतो, पण डाळ, दूध विकतच घ्यावं लागतं. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात टीबीच्या पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन मोठा अभ्यास झाला होता. घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण त्यात 39 टक्क्यांनी घटलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्या पेशंटांचं वजन 5 टक्क्यांनी वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी दिसला. 36 किलोचे 5 टक्के म्हणजे पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणजे पैसे लागतात ते नेमके सुरुवातीला. आमचे नेमके तेव्हाच परत गेले.

टीबी विभागातल्या दादांनी पोर्टल उघडून दाखवलं, पेमेंट फेल. "बँकेत जाऊन आधार सीडिंग करून घ्या." बँकेतल्या साहेबांनी पासबुक बघितलं, दोन बटणं दाबली. "लिंक आहे की तुमचं. दवाखान्यातच विचारा." दवाखाना म्हणे बँक, बँक म्हणे दवाखाना. आई बाहेर पायरीवर बसलेली, दम लागलेला.

दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं. सरकारी पैसे कुठल्या बँकेत जायचे, याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधली पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेकडे) असते, ती वेगळी. तिलाच सीडिंग म्हणतात. एका आधारवर एकाच बँकेची नोंद राहते, सगळ्यात शेवटी जी झाली ती. माय आधारच्या साइटवर "बँक सीडिंग स्टेटस" बघितलं की बँकेचं नाव दिसतं. खरं तर बँकेची पायरी चढण्याआधीच हे बघून घ्या.

पण तिथे ओटीपी लागतो, आणि आईच्या आधारवरचा मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला. म्हणून तो बदलायला आधी आधार केंद्र. तिथे अंगठा उठेना. इतकी वर्षं कोयता धरून आणि पाचट ओढून रेघा राहतात कुठे! "बोट पुसा, परत ठेवा, दाबा मावशी." दहाही बोटं झाली. मागच्या रांगेतले वैतागले. शेवटी मीच म्हटलं, डोळ्यांवर घ्या की. मशीन होतं, कपाटात होतं! अंगठा उठत नसेल तर आधीच डोळ्यांचं मशीन मागा, आपणहून कोणी काढत नाही.

मग साइटवर भलत्याच बँकेचं नाव निघालं. मागे कारखान्याच्या गावात सिमकार्ड घेताना दुकानदाराने आईचा अंगठा घेतला होता, त्यातच मोबाइलवरचं एक खातं उघडून टाकलेलं. ते केव्हाच बंद पडलेलं, म्हणून पैसे परत जात होते. आईला त्या खात्याचा पत्ताच नव्हता.

स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन बँकेत गेले. "डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या," असं याच शब्दांत म्हटलं. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. नुसतं "आधार लिंक करा" म्हणालात तर पुन्हा तेच उत्तर मिळेल. फॉर्म संपलेत म्हणाले. मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले, फॉर्म निघाला. पोचेवर शिक्का मारून घेतला, तो घेतल्याशिवाय हलायचं नाही.

तोवर एका निक्षय मित्रांकडून (टीबीच्या पेशंटला आपणहून मदत करणाऱ्या दात्यांकडून) आलेल्या शिध्यावर आणि शेजारच्या काकूंच्या दुधावर निभावलं. दवाखान्यातल्या आहाराच्या कागदावर पहिलंच नाव अंड्याचं, आणि आमची आई माळकरी. सिस्टरला तसं स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी शेंगदाण्याचा लाडू, हरभरे, मुगाची उसळ लिहून दिली. गोळ्यांनी मळमळायचं, पण लाडू पोटात टिकायचा.

पैसे आले तेव्हा मेसेज आलाच नाही, पासबुक भरल्यावर दिसले. दुसरा हप्ता मात्र वेळेत पडला.

मधेच ऊसतोडीला निघावं लागलं तर निक्षय आयडीचा कागद बरोबर ठेवा. कारखान्याकडच्या सरकारी दवाखान्यात त्याच आयडीवर गोळ्या चालू राहतात. तिथे नवीन नोंद करू देऊ नका, नाहीतर एका माणसाच्या दोन नोंदी होतात आणि पैसे पुन्हा लटकतात.